गॅरेजातून आल्यावर पेटलेला चेक लाईट आणि हजाराच्या आतला ओबीडी स्कॅनर

निळ्या पारदर्शक प्लास्टिकचा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, ब्लूटूथवर चालणारा स्कॅनर. ओबीडी म्हणजे गाडीची स्वतःची बिघाड-तपासणीची यंत्रणा; तिनं नोंदवलेले बिघाडाचे कोड आणि चालू आकडे हा फोनवर दाखवतो. डब्यावर कंपनीचं नाव नाही, फक्त 'ईएलएम३२७' हे आतल्या चिपचं नाव आणि पुढं आवृत्तीचा आकडा. ऑनलाइन मागवला, हजाराच्या आत मिळाला. ज्यांची चारचाकी रोज कामाला लागते, त्यांनी तो जरूर घ्यावा असं माझं मत आहे. कोड वाचायला मिळतो एवढ्यासाठीच घेणार असाल तर मात्र थांबा. कोड वाचणं हे त्याचं सगळ्यात छोटं काम आहे, आणि नुसत्या कोडवर विसंबून पार्ट बदलत बसलात तर स्कॅनर नसलेला बरा.

मी जनावरांची डॉक्टर आहे. करवीर, पन्हाळा, गगनबावडा या बाजूला माझे कॉल असतात. म्हैस अडलीय असा फोन रात्री अकराला येतो, आणि तेव्हा गाडी चालू होणं ही माझ्या हौसेची बाब राहत नाही. मागच्या सीटवर औषधांची पेटी, बर्फाचा डबा, कॅल्शियमच्या बाटल्या. गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४.

क्लच प्लेट बदलायला ती गॅरेजात दिली होती. क्लचचं काम उत्तम झालं, हे आधी सांगते. पेडल हलकं झालं, गिअर न अडखळता पडायला लागले. पण घरी येताना ताराराणी चौकाच्या सिग्नलला उभी होते तेव्हा मीटरवर पिवळा इंजिनाचा दिवा लागला. फोन केला. "मॅडम, सेन्सर गेला असंल बघा. गाडी जुनी झाली की जात्यात. उद्या आणा, नवीन टाकूया." कुठला सेन्सर, तर ते स्कॅनर लावल्यावर कळंल.

सेन्सर जुने होऊन जातात हे खरं आहे. पण सकाळी गाडी सोडताना दिवा नव्हता, संध्याकाळी लागला. मधल्या वेळात गाडीत एकच गोष्ट घडली होती: तिच्यावर काम झालं होतं. मग शोध त्या कामापासूनच सुरू व्हायला हवा. छोट्या गाडीत गिअरबॉक्स उतरवायचा तर आधी वरची अडचण काढावी लागते. बॅटरी, बॅटरीचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा, आणि त्यांच्या आजूबाजूचे सगळे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लास्टिकचे जोड.

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात स्कॅनर खोचला. फोनवर 'कार स्कॅनर' हे ॲप. कोड आला पी०११३. त्याचा अर्थ: आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. इथंच बहुतेक लोक 'हवेच्या तापमानाचा सेन्सर' एवढंच वाचतात आणि दुकानात जातात. महत्त्वाचे शब्द पुढचे आहेत, 'सर्किट' आणि 'जास्त'.

हा सेन्सर म्हणजे तापमानाप्रमाणे विद्युतरोध बदलणारा एक छोटा मणी. गारव्यात रोध वाढतो, उष्णतेत कमी होतो. इंजिनाचा संगणक, ज्याला गॅरेजात ईसीएम म्हणतात, तो या वायरीवर ५ व्होल्ट देतो आणि किती उरतात ते बघतो. वायर सुटलेली असेल तर पाचच्या पाच व्होल्ट तिथंच राहतात, आणि ईसीएमच्या हिशेबात त्याचा अर्थ भयंकर थंडी असा होतो. मी लाइव्ह डेटा उघडला. इंजिनाच्या पाण्याचं तापमान ८८ अंश. आत येणारी हवा उणे ४० अंश. कोल्हापुरात, मे महिन्यात. उणे ४० हा ओबीडीच्या मोजपट्टीवरचा सगळ्यात खालचा आकडा आहे. तो दिसला की सेन्सरचा दोष धरण्याआधी तुटलेली किंवा सुटलेली वायर शोधायची.

बॉनेट उघडलं. फिल्टरच्या डब्यालगत दोन वायरींचा कपलर होता. वरून बसल्यासारखा दिसत होता, लॉक मात्र पडलं नव्हतं. दाबल्यावर टक् झालं आणि फोनवरचा आकडा ३९ वर आला.

नव्या सेन्सरचे पैसे वाचले ते आहेच. पण मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दुसऱ्या दिवशी गाडी नेली असती, नवा सेन्सर बसवताना कपलर नीट दाबला गेला असता, दिवा गेला असता, आणि माझ्यासकट सगळ्यांची खात्री पटली असती की सेन्सरच खराब होता. चुकीचं निदान असं बरोबर ठरून जातं. पुढच्या वेळी तोच दिवा लागला की तोच पार्ट पुन्हा बदलला जातो.

शेतकरी फोन करतो, "डॉक्टर, म्हैस दुधाला कमी आली." तक्रार खरीच असते. पण तिच्यामागं कासदाह असेल, ताप असेल, वैरण बदलली असेल, नाहीतर चाऱ्यातून पोटात तार गेली असेल. गोठ्यात जाऊन हात लावल्याशिवाय मी औषध देत नाही. गाडीचा कोड ही अगदी तशी तक्रार आहे, आणि ती घेऊन लगेच पार्ट बदलायला निघालेल्या माणसाला मी तेच सांगेन.

कपलर नीट असूनही आकडा उणे ४० राहिला असता तर? तेव्हा करायची एक सोपी तपासणी उद्यमनगरातल्या एका वायरमननी मला शिकवली. कपलर काढायचा आणि त्याच्या दोन्ही पिना एका छोट्या वायरीनं जोडायच्या. आकडा एकदम वर, शंभराच्या पलीकडं गेला तर वायरिंग आणि ईसीएम दोन्ही ठीक, सेन्सर खराब. आकडा हललाच नाही तर सेन्सर बदलून काही उपयोग नाही, वायर कुठंतरी तुटलीय. तापमानाच्या दोन वायरींच्या सेन्सरलाच हे करायचं. तीन वायरींच्या सेन्सरवर चुकूनही करू नका, तिथं ५ व्होल्टची लाइन शॉर्ट होऊ शकते.

कोडची अक्षरं फार अवघड नाहीत. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगची बाजू, यू म्हणजे गाडीतल्या संगणकांचा आपापसांतला संवाद. पुढचा आकडा शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. बाकी अर्थ ॲप सांगतंच.

त्यापेक्षा कुठल्या कामानंतर काय बघायचं हे डोक्यात असलेलं बरं. गिअरबॉक्स उतरवल्यानंतर पी०३३५ आला तर क्रँक सेन्सर. बऱ्याच गाड्यांत तो बेलहाउसिंगपाशीच (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) असतो, त्याची वायर ओढली गेलीय का, सेन्सर पूर्ण बसलाय का ते बघायचं. सायलेन्सरचं काम झाल्यावर पी०१३५ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट; वायर गरम पाइपाला टेकून वितळलेली असू शकते. प्लग किंवा कॉइलला हात लागल्यानंतर पी०३०१ ते पी०३०४ यातला एक आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याला लावून बघा. कोडही शेजारी गेला तर कॉइल खराब, नाही गेला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं पुढं जायचं. आणि एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम आले तर कुठल्याच सेन्सरचा विचार न करता आधी इंजिनाची अर्थिंगची पट्टी आणि बॅटरीचे टर्मिनल बघावेत. गिअरबॉक्सच्या कामात ती पट्टी सोडलेली असते, आणि परत घट्ट करायची राहून जाते.

टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या कामानंतर पी००१६ आला तर मात्र गाडी चालवू नका. क्रँक (पिस्टनांनी फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ बसत नाही असं तो कोड सांगतो. कदाचित सेन्सर असेल, पण कदाचित एक दात सरकलेला असेल, आणि काही इंजिनांत तेवढ्यानं व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात. टो करून परत न्या.

आता याच स्कॅनरनं केलेलं माझ्या मते सगळ्यात मोठं काम. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात किती हवा जायची ते ठरवणारी झडप, साफ करून आणली, आणि इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ११५० फेऱ्यांच्या पुढं फिरायला लागलं. एरवी ७५० च्या आसपास असतं. कोड पी०५०७, आयडलिंग (ॲक्सिलरेटर न देता इंजिन फिरण्याचा वेग) अपेक्षेपेक्षा जास्त. गॅरेजचं उत्तर: थ्रॉटल बॉडीच बदलावी लागेल. खर्च पाच आकडी.

माझ्याकडं गाडी निरोगी असतानाचे स्क्रीनशॉट होते. स्कॅनर आल्याबरोबर मी काढून ठेवले होते: गरम इंजिन, एसी बंद, आयडलिंगला मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांकडं हवा नेणाऱ्या पाइपांतला, दाब ३२ किलोपास्कल. आता तो ४४ दाखवत होता. म्हणजे थ्रॉटल बंद असूनही कुठूनतरी हवा आत येत होती. गंमत अशी की पेट्रोलचं प्रमाण दाखवणारे फ्युएल ट्रिमचे आकडे जवळजवळ शून्यावर, अगदी स्वच्छ. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ज्या गाड्यांत हवा मोजायला एमएएफ सेन्सर असतो तिथं त्याच्यानंतरच्या भागात शिरलेली चोरटी हवा मोजलीच जात नाही, मिश्रण पातळ होतं आणि पी०१७१ येतो. माझ्या गाडीत मॅप सेन्सर आहे, तो मॅनिफोल्डमधला दाब बघतो. चोरटी हवासुद्धा त्या दाबात धरली जाते, तिच्या प्रमाणात पेट्रोलही वाढतं, आणि इंजिन नुसतं जोरात फिरत राहतं. बिघाड तोच, पण दोन गाड्यांत दोन वेगळे कोड. कोडचा अर्थ इंटरनेटवर शोधून दुसऱ्याच्या गाडीचा उपाय आपल्या गाडीला लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मॅपबद्दल आपल्या गावापुरती एक गोष्ट. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन केली की हा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळं इथं आकडा ९५ किलोपास्कलच्या आसपास येतो. घाट उतरून कणकवलीला गेलात की तोच शंभराच्या आसपास जातो. पुस्तकात १०१ लिहिलंय आणि आपल्याकडं ९५ येतो म्हणून सेन्सर बाद करू नका.

तर हवा कुठून शिरते हे शोधायला मी जुन्या स्टेथोस्कोपचा छातीवर ठेवायचा भाग काढून टाकला आणि नुसती नळी एकेका होज पाइपच्या जोडाजवळ फिरवली. (केस बांधा, ओढणी काढून ठेवा, पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब राहा.) मॅनिफोल्डच्या मागं, क्रँककेसमधली वाफ आत आणणाऱ्या पीसीव्हीच्या होजला वळणावर चीर होती. तिथं सूं असा आवाज स्पष्ट येत होता. होज चिमटीत दाबला की रेस खाली यायची, सोडला की वर. साफसफाईसाठी तो कडक झालेला रबरी पाइप ओढून काढला होता, तेव्हाच तो फाटला असणार. नवा होज थ्रॉटल बॉडीच्या तुलनेत अगदीच किरकोळ पैशांत आला. दाब ३३ वर, रेस ८०० ला.

थ्रॉटल साफ केल्यावर आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं, ते या स्कॅनरनं होत नाही. त्यासाठी त्याच वायरमनकडं गेले. त्यांच्याकडं मोठा स्कॅनर आहे, पण आधी ते मल्टिमीटर हातात घेतात, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे. स्क्रीनशॉट बघून म्हणाले, "डॉक्टर, ह्यो आधीचा आकडा कुठनं आणलासा? असला आकडा आमाला कोण आणून देत न्हाई." तेव्हा स्कॅनर घेतलात तर पहिलं काम हेच करा. गाडी ठणठणीत असताना पाण्याचं तापमान, आयडलिंग, मॅप किंवा एमएएफ, दोन्ही फ्युएल ट्रिम आणि चार्जिंगचं व्होल्टेज यांचे फोटो काढून ठेवा.

कोड पुसण्याबद्दल माझं मत कडक आहे. ॲपमध्ये पुसायचं बटण आहे, एका सेकंदात दिवा जातो, आणि बरेच लोक यालाच दुरुस्ती समजतात. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. कोड नोंदला गेला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन गरम होतं की गार, किती भार होता, याची ईसीएमनं ठेवलेली ती नोंद. कधीमधी होणाऱ्या बिघाडात तेवढाच पुरावा हातात असतो. आधी कोड, पेंडिंग कोड (अजून पक्के न झालेले) आणि फ्रीझ फ्रेम यांचे फोटो, मग दुरुस्ती, आणि पुसणं सगळ्यात शेवटी. नाही पुसलं तरी चालतं. दोष खरोखर गेला असेल तर गाडी चालवण्याच्या साधारण सलग तीन फेऱ्यांत तपासणी नीट झाली की दिवा आपला आपण विझतो, आणि ती जास्त भरवशाची खूण आहे.

गाडी सर्व्हिसिंगला देताना हेही सांगून ठेवा की मला दाखवल्याशिवाय कोड पुसू नका. एका गॅरेजनं मला "आम्ही काहीच पुसलं नाही" असं सांगितलं होतं. ॲपमध्ये 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' अशी एक ओळ असते. तिथं ७ किलोमीटर होते, गॅरेजपासून घरापर्यंतचं अंतर. वाद घातला नाही, फोटो पाठवला. मूळ कोड काय होता तो त्यांनी मग सांगितला.

हीच ओळ जुनी गाडी घेताना फार उपयोगी पडते. विकणारा म्हणतो दिवा कधी लागलाच नाही, आणि स्कॅनर सांगतो कोड बारा किलोमीटरपूर्वी पुसलेत, मॉनिटर (ईसीएमच्या स्वतःच्या तपासण्या) अजून अपूर्ण आहेत. आपल्या भागात आणखी एक काळजी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. कपलर उघडून पिनांवर हिरवट थर आहे का ते डोळ्यांनीच बघावं लागतं, स्कॅनरला तो दिसत नाही.

दिवा स्थिर असेल तर सावकाश घरी येता येतं. लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतंय. ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला थांबा. ऑइलचा लाल दिवा लागला तर स्कॅनर वगैरे काही नाही, इंजिन तिथल्या तिथं बंद.

आता उणिवा. एबीएस आणि एअरबॅगचे कोड माझ्या गाडीत हा वाचत नाही, चावी-इमोबिलायझरचं काही करत नाही. आयफोनला हा साधा ब्लूटूथचा प्रकार चालत नाही. त्यांनी ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाला घ्यावा. आकडे थोडे थांबून थांबून येतात, एका वेळी चार-पाचपेक्षा जास्त निवडू नयेत. सॉकेटची एक पिन कायम बॅटरीला जोडलेली असते, त्यामुळं चावी काढली तरी स्कॅनर करंट खात राहतो. काम झालं की काढून ठेवा, नाहीतर आठ-दहा दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरू शकते. शिवाय तो गुडघ्याला लागतो. आणि याच सॉकेटात बसणारे, ॲव्हरेज वाढवतो म्हणून विकले जाणारे डबे घेऊ नका, त्यांच्यात दिवा लुकलुकण्यापलीकडं काही नसतं.

या स्वस्त स्कॅनरमधली चिप बहुतेक वेळा नक्कल असते आणि एकाच दिसणाऱ्या दोन डब्यांत फरक निघतो. म्हणून परत देण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घ्या आणि आल्या दिवशी तपासा. जोडणीचा पिन बहुधा १२३४ असतो. चावी ऑन केल्यावर ॲपनं ईसीएमशी जोडणी झाल्याचं सांगितलं पाहिजे, रात्रभर उभ्या गाडीत सकाळी पाण्याचं आणि हवेचं तापमान जवळपास सारखं यायला पाहिजे, आणि गाडी सुरू केल्यावर रेस दिली की आकडा हलला पाहिजे. फ्रीझ फ्रेम आणि मॉनिटरची पानं उघडतात का तेही बघा; काही नकलांत तीच उघडत नाहीत. नाही उघडली तर त्याच दिवशी परत पाठवून दुसरा मागवा.